पुढच्या अ‍ॅक्सलचं काम

बुधवार, १२ तारीख

चि. डॉक्टरीणबाईंना अनेक आशीर्वाद.

इथे सगळं ठीक. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र ठणठणीत आहे.

तुझी गाडी आपल्या गॅरेजमधल्या फिटरबरोबर पाठवतोय. न्यायला तुला का नाही बोलावलं, ते पुढे लिहितो. आधी कामाचं.

गुरं तपासायला डोंगर चढायचे म्हणून तू गाडी उंच करून घेतलीस, तेव्हापासूनची ही कटकट. उंच गाडीत पुढच्या अ‍ॅक्सलचं तोंड त्याला फिरवणाऱ्या शाफ्टकडे वर वळवावं लागतं, नाहीतर वेगात थरथर. आणि वर वळवलं की चाकांचा कल बिघडतो, वळणानंतर स्टिअरिंग सरळ येत नाही. एकाचं मन राखलं की दुसरं रुसतं! मी स्टिअरिंग राखलं, थरथर राहू दिली. शाफ्टचा झिजलेला जॉइंट बदलला की काही महिने शांत. मग तू तणतणत हजर, "बाबा, परत सुरू झालं!"

यावेळी अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांचं वेल्डिंग कापलं, टोकं वेगळी फिरवली आणि पुन्हा जोडली. आता तोंडही बरोबर, कलही बरोबर. मी स्वतः उतारावर चालवून पाहिली. जॉइंट आता लवकर जायचा नाही.

मग हे आधीच का नाही केलं? सासूबाईंनी विचारलंच, "पोरीला अडकवून ठेवलंत ना?" ठेवलं. घटस्फोटानंतर आमच्या दारात यायला तुला दुसरं निमित्त काय होतं गं?

आता सांगतोच. आमचे चिरंजीव पुढच्या महिन्यात लग्न करताहेत. मुलगी चांगली आहे. नावं ठेवायला जागाच नाही, त्याचाच राग येतो. तो म्हणाला, "बाबा, तिला आता इथे बोलावू नका. बरं दिसत नाही." मी मान डोलावली. त्याच्या नव्या संसारात मला बिब्बा घालायचा नाही. म्हणून गाडी एकदाची नीट करून टाकली. काम उत्तम झालं आणि दिवसभर मला जेवण गेलं नाही.

सासूबाईंनी मला वेड्यात काढलं. म्हणाल्या, "बोलावू नका म्हणालाय. जाऊ नका असं कुठे म्हणालाय?"

तेव्हा रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. नको असेल तर स्पष्ट कळव, राग मानणार नाही. म्हणजे मानीन, पण दाखवणार नाही.

कागदोपत्री तुझा कोणीही नसलेला,
बाबा