विदरली हॉलच्या पट्टेरी जिरेनियमचा चोर

३ ऑगस्ट
आज ठरवलं. सप्टेंबरात विदरली हॉलच्या बागेचा मुख्य गाईड निवडणार आहेत, आणि तो मीच. पाच वर्षं इथल्या वाड्यात, लॉर्डसाहेबांच्या जुन्या वाचनालयात उभा राहून, वाडा पाहायला आलेल्या लोकांना खुर्च्यांवरून उठवतोय. कुणी बसू नये म्हणून खुर्चीवर काटेरी बोंड ठेवलेलं असतं, तरी बसतात. माणसं हाताळायचा एवढा अनुभव कुणाला आहे? पगार तिथेही नाही, पण हिरवं जाकीट मिळतं.
संकल्प: रोज दहा झाडांची लॅटिन नावं पाठ करणे.

५ ऑगस्ट
दोन झाली. लॅटिन मेलेली भाषा आहे, तिला घाई नाही.

८ ऑगस्ट, बुधवार
संधी चालून आली. काचघरातल्या पट्टेरी जिरेनियमचे शेंडे कुणीतरी खुडतंय. हे झाड जगात फक्त आमच्याकडे. दीडशे वर्षांत कुणाला लावायला काडी दिलेली नाही. आमच्या म्हाताऱ्या बायका चर्चमध्ये सुईसुद्धा उचलणार नाहीत, पण दुसऱ्याच्या बागेत शिरल्या की पर्स आपोआप उघडते आणि शेंडा आत जातो. मुख्य माळीणबाई मिस हेस्केथना म्हटलं, चोर मी पकडतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही आपलं वाचनालय सांभाळा, मिस्टर टफनेल." बाईंचा माझ्यावर फार विश्वास.
बुधवार म्हणून बेरिल जेवायला आली होती. बाकावर बसून सँडविच खाल्ली. मग ती एकटीच बागेत फिरून आली आणि माझा डबा पिशवीत नीट ठेवून दिला. म्हणाली, "घरी येईपर्यंत उघडू नकोस, ओला आहे." बायको असावी तर अशी.

१५ ऑगस्ट
लाल टोपीवाल्या एका बाईच्या मागे तासभर लपत फिरलो. ती निवृत्त पोलीस निघाली. तिने माझीच तक्रार केली.

२२ ऑगस्ट
बेरिलने स्वयंपाकघराच्या खिडकीत सात कुंड्या मांडल्यात. विचारलं तर म्हणाली, "बाजारातून आणल्या." पानांवर पट्टे आहेत. बाजारू झाड कसं ओळखावं, हे तिला अर्धा तास समजावलं. तिने मान डोलावली.

२९ ऑगस्ट
माझी योजना मंजूर. पुढच्या बुधवारपासून निघताना फाटकावर सगळ्यांच्या पिशव्या तपासायच्या. सुरुवात माझ्या डब्यापासून, म्हणजे कुणी कुरकुरणार नाही. बेरिलला सांगितलेलं नाही. जाकीट घालूनच घरी जाईन.

५ सप्टेंबर, संध्याकाळी साडेचार
डबा मीच उघडला, सगळ्यांना दिसेल असा उंच धरून. आत ओला वर्तमानपत्राचा कागद. कागदात पाच शेंडे. रांगेत पहिली लाल टोपीवाली.
हा माझ्याविरुद्धचा कट आहे, असं मी ठणकावून सांगितलं. मिस हेस्केथनी कागद उलगडला. शब्दकोडं सोडवलेलं होतं. अक्षर बेरिलचं.

त्याच दिवशी, सात वाजता
बेरिलला विचारलं, माझाच डबा का? बटाटे सोलता सोलता म्हणाली, "अरे, तुझ्या डब्याला कोण हात लावणार? राखणदार तूच." वाईट वाटलं. तसं बोलूनही दाखवलं. तिने आणखी एक बटाटा घेतला.

६ सप्टेंबर
मला वाहनतळावर नेमलंय. पिवळा बिनबाह्यांचा अंगरखा. पाहुण्यांना आधी मीच दिसणार, तेव्हा जबाबदारी मोठीच म्हणायची. गाईडची निवड पुढे ढकलली. माझ्याशिवाय कोण मिळणार त्यांना?

१४ नोव्हेंबर
रात्री कडाक्याचं हिम पडलं. काचघराचा हीटर बंद पडला. जिरेनियम सगळी गेली, एक काडी उरली नाही.
दुपारी मिस हेस्केथ घरी आल्या. माफी मागायला आल्या असणार, म्हणून मी टाय लावला. दार उघडलं तर त्या म्हणाल्या, "मिसेस टफनेल आहेत का?"

३ एप्रिल
काचघरात पट्टेरी जिरेनियमच्या सात कुंड्या आहेत. हिरवं जाकीट बेरिलला जरा सैल होतं.
आज तिची पहिली फेरी. वीसेक माणसं घेऊन वाहनतळावरून गेली. मी हात केला. कुणीतरी विचारलं, ते गृहस्थ कोण? बेरिल म्हणाली, "माझा डबा आणतात ते."
मला ते जाकीट फार हवं होतं. हे इथे लिहायला हरकत नाही.
चार वाजता डबा परत मिळाला. दोनदा उघडून पाहिला. रिकामाच होता.