बोलणी खाणारी मुलगी

आई, तू गेल्यावर मी लहान मुलांसाठी पुस्तकं लिहायला लागले, हे तुला ठाऊक नाही. आत्ताचं चित्रांचं पुस्तक माझ्यासारखीच कुबडी घेऊन चालणाऱ्या एका मुलीचं आहे. चित्रं काढणारी पोरगी मलकापूरची, माझ्या निम्म्या वयाची. परवा तिनं फोनवर विचारलं, "मॅडम, सगळं छान आहे, पण हिले कोणी रागवत नाही काऊन? इतकी गुणाची पोरगी मी तं कुठं पाह्यली नाही." मी म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

चिखलीच्या शाळेतल्या पेटीतली चित्रांची पुस्तकं आठवली. एका पुस्तकात पांगळ्या मुलीला परी पाय देते. दुसऱ्यातली खिडकीशी बसून सगळ्यांकडे बघत गोड हसते. तिसरी गावाला पुरातून वाचवते, तेव्हा कुठे मुलं तिला खेळायला घेतात. खोटं बोलणारी, चोरून खाणारी एकही नाही. मीही तशीच लिहून बसले होते. घरात मला तसंच तर वाढवलं होतं.

कुरडयांचा दिवस. अंगणात बाज टाकलेली, गव्हाचा चीक चुलीवरून नुकताच उतरवलेला. तू सोऱ्या आणायला शेजारी जातेस आणि आम्ही दोघी बहिणी पातेल्यावर तुटून पडतो. युक्ती माझी, वाटी तिची. तू परत येतेस तेव्हा दोघींची तोंडं सारखीच बरबटलेली. धाकटीच्या पाठीत धपाटा बसतो. "ताईनं बी खाल्ला!" ती रडत ओरडते. तू पदरानं माझं तोंड पुसतेस. "तिले काय बोलू मी? तिले देवानं आधीच..." पुढचं तू गिळतेस.

धाकटी रुसून बसली. संध्याकाळी तू तिची समजूत काढायला गेलीस, तिला कुशीत ओढलंस, आणि दोघी कशावरून तरी खिदळलात. मी भिंतीशी बसून ऐकत होते. त्या धपाट्याचा मला तेव्हा हेवा वाटला, तो अजून गेलेला नाही. तिच्याशी तू भांडायचीस. माझ्याशी जपून बोलायचीस, पाहुण्याशी बोलावं तसं.

काल मी पुस्तकात तो प्रसंग घातला. मुलगी चीक चोरते, आई रागावते. पण आईच्या तोंडी शब्दच येईनात. ते शब्द तू मला कधी दिलेच नव्हतेस. शेवटी धाकटीला फोन केला.

"काऊन वं ताई, मले बसलेल्या शिव्या बी आता तुलेच पाहिजे काय?" ती खूप हसली. मग तुझा आवाज काढून एका दमात म्हणाली, "चटोरे, टवळे, जीभ लयच लांब झाली काय तुयी? थांब, चटकाच देतो!" तिला सगळं पाठ आहे. किती श्रीमंत आहे ती.

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग दार लावून मोठ्यानं वाचलं, पुस्तकातल्या मुलीसाठी नाही, स्वतःसाठी. बरं वाटलं.

हे पत्र पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं. वाचून तू मला पोटाशी धरलं असतंस, आणि वर धाकटीलाच झापलं असतंस, ताईले कायले सांगितलं म्हणून.