जपान्याचा डबा

प्रिय नेइसालिये दादा,

तू लष्करात गेलास आणि सीमेवरच्या बर्फात बेपत्ता झालास. या पत्रावर पत्ता काय घालू?

महायुद्धातल्या कोहिमाच्या लढाईची एकही खूण भंगारात जाता कामा नये, असं मी चर्चमध्ये गरजून सांगितलं. गावच्या पोरांनी श्रमदानाने छोटं संग्रहालय उभारलं. घराघरातून हेल्मेटं आली. मी आपल्या घरचा डबा नेला, आजीच्या धान्यकोठीखाली मेलेल्या जपानी शिपायाचा. आई रोज त्यात भात घालून दाराबाहेर ठेवायची, तोच.

"भुताला जेवू घालणं आता पुरे," मी म्हणालो.

"तू भाषणं ठोक," ती म्हणाली, "भुकेल्याचं मी बघते."

डबा कुलूपबंद काचेच्या कपाटात ठेवला. दुसऱ्या सकाळी काचेवर बोटांचे ठसे होते.

"भाषणवाले, तुमचा पाहुणा उपाशी दिसतोय!" काच पुसणारी केविले हसली. मग तिने जोर लावून फडकं घासलं. ठसे पुसले जाईनात. ते आतल्या बाजूला होते.

घरी आईने जेवण सोडलं. "मी याला वाढलं नाही, तर तिकडे माझ्या पोराला कोण वाढेल?"

दादा, डबा संग्रहालयातच राहील, यावर मी आजही ठाम आहे. पण कुलूप मी काढलंय. आई तिथे येऊन भात वाढते. सकाळी डबा घासून पालथा घातलेला असतो. 'युद्धकालीन वस्तू' ही पाटी काढून मी नवी लावली आहे: 'वापरात आहे.'

तिकडे कोणी वाढलं, तर लाजू नकोस. पोटभर जेव.

तुझा धाकटा,
विझोखो