बिल्ल्यामागचं नाव

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. सेफ्टी सुपरिन्टेंडेंटला लिहायची शिस्त हवीच.
आज माझा नवा नियम जाहीर केला. आमच्या सोन्याच्या खाणीत खाली उतरताना प्रत्येक जण बोर्डावर आपला पितळी बिल्ला लावतो, वर आला की काढतो. बोर्ड मोकळा झाल्याशिवाय सुरुंग उडवत नाहीत. हे जुनंच. माझी भर अशी की बिल्ल्यामागे घरच्या माणसाचं नाव आणि फोन कोरायचा. कोणासाठी वर यायचंय ते हातात दिसलं पाहिजे. नाव नाही तर खाली जाणं नाही.
ड्रिलर डगी म्हणाला, "माझ्या बायकांची नावं मावायला ताटाएवढा बिल्ला लागेल, नेव्ह." सगळे हसले. विचार पोचायला वेळ लागतो.
माझ्या बिल्ल्यावर बायकोचं, लॉरेनचं. ठळक कोरून घेतलं.

५ मार्च
लॉरेनला समुद्रकाठच्या एस्परन्स गावी बहिणीकडे, जॅनिसकडे, जाऊन सहा आठवडे झाले. समुद्राची हवा. इथे कालगुर्लीत खाणींच्या धुळीनं तिचा घसा धरतो. सोबत कुत्रा, शिलाई मशीन आणि फ्रीझर नेलाय. जॅनिसचा फ्रीझर लहान असावा.

८ मार्च, शनिवार
खाण बंद झाली की जमीन परत द्यायची असते, नुसतं कुंपण घालून निघून जायचं नसतं. यावर ऑफिसात चांगलं बोललो. दगडमातीच्या ढिगाऱ्यावर झाडोरा उभा करायचं काम मीच मागून घेतलंय. सॉल्टबुशची, म्हणजे खारट मातीत तगणाऱ्या झुडपाची, रोपं लॉरेननं परसात वाढवली आहेत, थंडी पडली की लावायची.
आज बघितली. जरा मरगळलीत. उद्यापासून रोज पाणी. न चुकता.

११ मार्च
पाणी राहिलं. पोस्टर लॅमिनेट करत होतो.

१३ मार्च
लॉरेनचा फोन. म्हणाली, "नेव्हिल, आपल्याला बोलायला हवं." बोललो. रस्त्यावर धूळ बसवायला पाण्याचा टँकर कितीदा फिरवावा, हा सध्या मोठाच प्रश्न आहे. ती गप्प राहून ऐकत होती. इतकं मन लावून ऐकणारी बायको मिळायला नशीब लागतं.
शेवटी विचारलं, "रोपांना पाणी घालतोस ना?" हो म्हणालो. उद्यापासून घालणारच आहे, म्हणजे खोटं नाही.

१६ मार्च, रविवार
ठरलं. शुक्रवारी सकाळी नाइट शिफ्ट संपली की थेट एस्परन्स, आणि लॉरेनला घेऊन परत. तिला कळवत नाही. गंमत.
माझ्या गाडीचं टायर गुळगुळीत झालंय. असल्या टायरवर चारशे किलोमीटर म्हणजे बेजबाबदारपणा. डगी सुट्टीवर बालीला गेलाय, त्याची गाडी खाणीच्या पार्किंगमध्ये आहे आणि किल्ली माझ्याकडे. माझी गाडी तिथेच ठेवून त्याची नेईन.
काय बोलायचं तेही लिहून काढलं. पहिल्या मसुद्यात व्हेंटिलेशनचा मुद्दा आला होता, काढला.

२१ मार्च, शुक्रवार, सकाळी ६
वर आलो. आंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट. भाषण तोंडपाठ. रात्रपाळीनंतर गाडी चालवू नये, हे पोस्टर माझंच आहे, पण आज थकवा कसला? गाडीत फोन बंद, हाही नियम माझाच.

दुपारी
एस्परन्स. जॅनिसनं दार उघडलं आणि मला बघून पायरीवर मटकन बसली. "अरे, तू खाली गाडला गेलायस ना?" म्हणाली.
मी बिल्ला काढायला विसरलो. मी.
बोर्डावर बिल्ला, पार्किंगमध्ये गाडी, फोन बंद. सुरुंग थांबवले, रेस्क्यू टीम खाली गेली आणि बिल्ल्यामागचा नंबर फिरवला. लॉरेन होती तशीच कुत्र्याला घेऊन खाणीकडे निघाली.
येताना वाटेत सॅल्मन गम्स गावाजवळ समोरून एक पांढरी गाडी सुसाट आली होती. खिडकीतून कुत्र्याचं डोकं बाहेर. या रस्त्यावर सगळेच नमस्काराला करतात तसं मी स्टिअरिंगवरून एक बोट वर केलं. समोरून काही नाही. लोकांना रीतभात उरली नाही, असं मी तेव्हा मनात म्हटलं. वेग बघून नंबरही टिपणार होतो.

२२ मार्च, शनिवार
कालचं पुढचं लिहायचं राहिलं. जॅनिसनं खाणीवर कळवलं, मी उलटा फिरलो.
खाणीची मॅनेजर तान्या झेलिच गेटवर उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "तुला शोधायला मी माझी माणसं कच्च्या छताखाली घातली, नेव्हिल." ओरडली असती तर बरं झालं असतं.
लॉरेन बोर्डाखालच्या बाकावर बसली होती. उठली, दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपला आणि रडली. मला वाटलं, जमलं. भाषण सुरू केलं.
"थांब," म्हणाली. "तू गेलास असं समजून मी इथवर आले. वाटेत खूप रडले. मग लक्षात आलं, हे रडणं मला नवं नाही. स्वयंपाकघरात तू समोर बसलेला असताना मी असंच रडायचे. तुला दिसायचं नाही."
मला खरंच दिसलं नव्हतं.
तिनं बोर्डावरून बिल्ला काढला, उलटा करून नाव वाचलं आणि माझ्या हातात दिला. "असा फोन मला पुन्हा नको. तेवढं त्राण नाही आता. हे नाव काढ."
जाताना घरी आली. रोपं बघितली, बोलली काही नाही. प्रत्येकाला पाणी घातलं, वाळलेल्यांनाही. मग कुत्र्याला हाक मारून गेली.

२४ मार्च, सोमवार
काल कानस घेऊन नाव घासलं. खोल कोरलं होतं, वेळ लागला.
आज बोर्डाशी तान्यानं माझा बिल्ला उलटा केला. "नाव?"
आजचा दिवस जाऊ दे, म्हणालो. ती म्हणाली, "नियम तुझा आहे."
डगी बालीहून नाक भाजून आलाय. म्हणाला, "माझं घाल लेका. फोन मी तसाही उचलत नाही." कोणी हसलं नाही. शिवाय तो माझ्याच शिफ्टला खाली असतो, त्याचं नाव चालत नाही.
दुसरं नाव आठवत उभा राहिलो. मागे रांग लागली होती, म्हणून बाजूला झालो. सगळे खाली गेले.
घरी आलो. रोपं मेलीत, मला दिसतंय. पाणी घातलं.