साडूचा वारा

४ मार्च, सकाळ
मासिकात साडूचं घर छापून आलंय. रंगीत चार पानं. 'दमट हवेतलं मोकळं घर'. व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभा आहे, पोट आत ओढून. मुलाखतीत म्हणतो, दमट हवेत वारा हाच खरा एसी. हे तर कॉलेजच्या पहिल्या वर्षात सगळ्यांनाच शिकवतात! मला अजिबात हेवा वाटत नाही. मासिक रद्दीत टाकलं.

दुपार
बायकोने मासिक रद्दीतून काढून टीपॉयवर ठेवलं. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक करायचं तर करावं माणसाने, पण टीपॉयवर?

७ मार्च
सासरेबुवा घर बांधणार. दोन्ही जावई आर्किटेक्ट, म्हणून त्यांनी फोनवर परीक्षाच जाहीर केली. मे महिन्यात आधी आमच्याकडे राहणार, मग शेजारी साडूकडे. ज्याच्या घरात दुपारची झोप चांगली लागेल त्याला काम. एसी लावायचा नाही, त्यांचे गुडघे धरतात.
थोरला जावई मी. काम माझंच. परीक्षा ही निव्वळ औपचारिकता आहे.
संकल्प: साडूचा विचार करायचा नाही.

११ मार्च
घरात बदल सुरू. छपराच्या कडा पुढे काढल्या, म्हणजे भिंतींवर ऊन नको. गरम हवा निघून जायला छताखाली झरोके. मधली पार्टिशन पाडली. समुद्र साडूच्या बाजूला, तेव्हा त्या बाजूला मोठ्या खिडक्या, समोरच्या भिंतीतही तेवढ्याच. वारा इकडून आत, तिकडून बाहेर. बायको म्हणाली, तिची कपाटं कुठे ठेवायची. म्हटलं, वाऱ्याच्या वाटेत नको. ती म्हणाली, मग वाऱ्यालाच कपडे घडी करायला सांगा.

१५ मार्च
साडू आपल्या व्हरांड्यातून आमच्या खिडक्यांकडे एकटक बघत होता. मी पाहिलं तर हात केला. ओरडून म्हणाला, दादा, झरोक्यांना जाळी बसवा, डास येतील. म्हणजे झरोकेसुद्धा मोजून झाले! वर गोड बोलणं. चोर तो चोर, वर शिरजोर.
निर्णय: मधल्या हद्दीवर भिंत. खिडकीच्या वरपर्यंत.
बायको म्हणाली, त्यापेक्षा पडदा लावा. तिला व्यावसायिक गोपनीयता कळत नाही.

२ एप्रिल
भिंत पूर्ण. साडूच्या छपराचं टोक तरी दिसत होतंच, ते डोळ्यात खुपत होतं. मिस्त्रीकडून आणखी दोन थर चढवून घेतले. आता काही दिसत नाही. किती शांत वाटतं!
संध्याकाळी कॅलेंडरचं पान हललं नाही. आज वारा नसावा.

९ एप्रिल
आठवडाभर वारा नाही. हवामानच विचित्र झालंय. मीठ बरणीत घट्ट बसलंय, बिस्किटं मऊ, माझ्या काळ्या बुटांवर पांढरी बुरशी. बायको म्हणाली, भिंत... मी वाक्य पूर्ण करू दिलं नाही.
स्टुलावर चढून पलीकडे पाहिलं. साडूच्या दोरीवरचे कपडे फडफडत होते. कपड्यांना टेबलफॅन लावला असणार. मला दाखवायला माणूस कुठल्याही थराला जाईल.

२० एप्रिल
बायको रोज दुपारी बहिणीची वाटी परत द्यायला जाते. एकच वाटी आहे. पोरगी अभ्यासाला जाते. आज मांजरही भिंतीवरून तिकडे गेलं.
भिंतीपलीकडून बायकोचं हसणं ऐकू आलं. आपल्या घरात ती इतकं मोठ्याने शेवटचं कधी हसली, आठवेना. छातीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. बहुधा पित्त.

३ मे
सासरेबुवा उद्या येणार. जय्यत तयारी. आज वारा नाही, पण उद्या येईल. इतक्या खिडक्या असताना न येऊन सांगतो कुणाला?

४ मे
जेवण झाल्यावर सासरेबुवांना मधल्या खोलीत निजवलं. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो, कुणी भांडं आपटू नये म्हणून. थोड्या वेळाने बनियन पिळत बाहेर आले. पाणी मागितलं. म्हणाले, जावईबापू, घर झकास आहे हो, वारा तेवढा आत घ्यायचा राहिला.
मी म्हटलं, यंदा वारा उशिरा आहे. ते भिंतीकडे बघत राहिले. भिंतीचं काम सुबक झालंय, त्यांच्याही नजरेत भरलं असणार.

५ मे
दुपारी सासरेबुवा खोलीत नव्हते! शोधत शोधत साडूकडे गेलो. व्हरांड्यात आरामखुर्चीत घोरत होते. हा सरळ सरळ नियमभंग. पण वडीलधाऱ्या माणसाला उठवायचं कसं? जागे झाले की निषेध नोंदवायचा, असं ठरवून समोरच्या बाकावर बसलो. पाठ जरा टेकली.

५ मे, संध्याकाळ
जाग आली तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती. अंगावर चादर होती. मेहुणी म्हणाली, वाऱ्याने गारठाल म्हणून घातली, हाका मारल्या पण तुम्ही उठेनात. सगळे समोर बसून माझ्याकडे बघत होते. मांजर माझ्या पायाशी.
सासरेबुवा म्हणाले, आता मी निकाल तो काय देऊ? थोरल्या जावयांनीच दिला.
सगळे हसले. बायकोसुद्धा. मी म्हटलं, मी जागाच होतो, डोळे मिटून निरीक्षण चाललं होतं. पोरगी म्हणाली, बाबा, तुमचं निरीक्षण फाटकापर्यंत ऐकू येत होतं.

८ मे
घराचं काम साडूला.
सासरेबुवा न्यायी माणूस आहेत, मलाही रिकाम्या हाताने पाठवलं नाही. कंपाउंडची भिंत माझ्याकडे. म्हणाले, भिंत तुम्ही मन लावून बांधता. साडूने फक्त एक अट घातली: कमरेएवढीच, आणि जाळीदार.
उद्या दुपारी ड्रॉइंग काढायला बसणार आहे. साडूच्या व्हरांड्यात. आमच्याकडे कागद घामाने हाताला चिकटतो.