सासूबाईंचा फोटो आणि तुमची बिनचूक लेन्स

इताबाशी, २० ऑक्टोबर

आदरणीय कुनिहिकोदादा यांच्या सेवेशी ताकेजीचा, तुमच्या बहिणीचा म्हणजे मित्सुएचा आणि घरातल्या मांजरीचाही वाकून नमस्कार. (मांजर वाकली नाही. माझा एक हात लिहिण्यात गुंतलाय, तेव्हा माझाही नमस्कार एका हाताचाच समजावा.)

आमच्या दारातल्या शेवंतीला कळ्या धरल्यात. तुमच्याकडे सुवाच्या तळ्यावर सकाळचं धुकं उतरायला लागलं असेल आणि त्याबरोबर तुमची कंबरही बोलायला लागली असेल. ती कशी आहे? वहिनींनी पाठवलेली सफरचंदं पोचली. एक सोडून सगळी गोड निघाली, आणि ते एक मी खाल्लं, त्यामुळे घरात तक्रार नाही. निवृत्त झाल्यावरही कंपनी तुम्हाला सल्लागार म्हणून सोडत नाही, हे ऐकून अभिमान वाटतो. माझी तिन्ही दुकानं मात्र माझ्याशिवाय जास्त चांगली चालतात, असं रोज कानावर येतं. पन्नास वर्षं लॉन्ड्रीच्या काउंटरमागे उभा राहिलोय. इस्त्रीच्या वाफेच्या आवाजातसुद्धा गिऱ्हाईक नवऱ्याबद्दल काय पुटपुटतं ते मला स्वच्छ ऐकू येतं, मग लेक आणि मॅनेजर माझ्याबद्दल काय बोलतात ते कसं सुटेल?

तर दोन वर्षांपूर्वी मी दुकानं लेकीच्या हाती सोपवली तेव्हा तुम्ही मला स्वतः आराखडा केलेली लेन्स भेट दिलीत. (वयाने मी तुमच्याहून दोन वर्षांनी मोठा, पण नात्याने धाकटा, म्हणून निमूट घेतली.) त्या लेन्सबद्दल माझ्या मनात काय आहे ते आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे येणार आहे ते वाचताना तुम्हाला याची गरज लागेल. अशी लेन्स मी जन्मात पाहिली नव्हती. पुलावरून दुकानाच्या पाटीचा फोटो काढला तर पाटीवरचा फोन नंबर वाचता आला, आणि पाटीखाली उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या शर्टावरचा सॉसचा डागही दिसला. मी दुसऱ्या दिवशी त्याला आपण होऊन विचारलं. नव्या वर्षाच्या सकाळी मित्सुएचा फोटो काढला. ती तिसऱ्या दिवशी माझ्याशी बोलली. यात लेन्सचा दोष कुठे आहे? काहीच नाही. तोच तर घोटाळा आहे.

आता आईंचं. आमच्या शेजारच्या नाकामारूबाई उन्हाळ्यात गेल्या. अंत्यविधीला त्यांचा जो फोटो मांडला होता तो त्यांच्या मुलाने गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या सहलीतून कापून काढला होता. मूळ फोटोत बाईंच्या हातात उकडलेल्या खेकड्याची तंगडी होती. कापताना तंगडी गेली, पण तिच्याकडे बघून फुललेला चेहरा तसाच राहिला. काळ्या फितीत, पांढऱ्या फुलांमध्ये, भटजी मंत्र म्हणताहेत आणि बाई अशा हसताहेत की आता जेवायलाच बसणार. लोकांचे खांदे हलत होते. बरेचसे रडण्याने नव्हे. आई घरी आल्या, दारात मित्सुएने शुद्धीसाठी त्यांच्या अंगावर मीठ शिंपडलं, आणि उंबऱ्यातच त्यांनी जाहीर केलं, "माझा फोटो मी बघून, पसंत करून ठेवणार. तोपर्यंत मी कुठेही जाणार नाही. इस्पितळातसुद्धा नाही."

हे इस्पितळाचं तुम्हाला मित्सुएने फोनवर सांगितलंच आहे. खुब्याचं ऑपरेशन आहे, १२ नोव्हेंबरला दाखल व्हायचंय. डॉक्टर म्हणतात, आणखी थांबलात तर त्या पुन्हा उभ्या राहणार नाहीत. आणि आई म्हणतात, फोटोशिवाय संमतीच्या कागदावर सही नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला भूल देणार म्हटल्यावर त्यांच्या मनात काय येत असेल ते मी ओळखतो. म्हणून वाद घातला नाही. कॅमेरा काढला आणि अर्थातच तुमची लेन्स लावली. आईचा फोटो मुलाच्या लेन्सने! याहून योग्य काय?

प्रिंट आल्यावर त्यांनी देव्हाऱ्याच्या खणातून आपलं तपासणीचं भिंग काढलं. तुम्हाला ते भिंग ठाऊक आहे. याच इताबाशीत, आज जिथे गाड्या उभ्या करतात तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या कॅमेऱ्यांची भिंगं घासायच्या तेव्हापासूनचं ते. (तुम्ही तेव्हा त्यांच्या पाठुंगळीला असायचात म्हणे, आणि यंत्र थांबलं की रडायचात.) आणि दादा, त्यांनी आधी स्वतःचा चेहरा पाहिलाच नाही. फोटोचे चारही कोपरे तपासले. मग कुंपणाच्या लाकडातल्या गाठी. मग म्हणाल्या, "कुनिहिकोने काम चोख केलंय. अगदी काठापर्यंत कुठे सैल सुटलेलं नाही." मग भिंग मधोमध आणलं. मग भिंग खाली ठेवलं.

"लेन्स पास," त्या म्हणाल्या. "मी नापास."

"अगं, तू दिसतेस तशीच आलीयेस की," मित्सुए म्हणाली.

"दिसते कशी ते बघायला घरात आरसा आहे. मी होते कशी ते लोकांना आठवायला नको? समोर उदबत्ती लावायची सोडून ते माझ्या डोळ्याखालचे डाग मोजत बसतील. जावईबापू, तुम्ही तर धंद्यामुळे नक्कीच मोजाल."

मोजले होते. सात.

तेव्हा मी शिंजुकूतल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. काचेच्या कपाटात एक लेन्स होती, आई शेडमध्ये बसायच्या त्याच काळातली, तुमच्या लेन्सच्याच मापाची. तिला बांधलेल्या कागदावर लिहिलं होतं: आतल्या काचेवर धुरकटपणा, पुढे बारीक ओरखडे, एक बुडबुडा, कडेला बुरशीची सुरुवात, कडीला पोचा. लग्नाच्या स्थळाची माहिती कुणी एवढ्या प्रामाणिकपणे देत नाही. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "साहेब, याच मापाची नवी आहे, एकदम स्वच्छ." आणि त्याने नेमकी तुमचीच काढून दाखवली. मी म्हटलं, ती घरी आहे. "मग ही कशाला?" म्हटलं, "ती फार चांगली आहे म्हणून." त्याने मान डोलावली, हा आजार त्याच्याकडे रोज येत असावा. मी भिंगातून उजेडाकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांचे डाग काढून पोट भरलेला माणूस मी, आणि पैसे मोजून धुरकट काच घेऊन जिना उतरलो. उतरताना शीळ घालत होतो.

मग दुसरी बैठक. केशकर्तनवाली घरी आली. काळा, घराण्याची चिन्हं असलेला किमोनो निघाला. आई ओसरीत ताठ बसल्या. खुबा दुखत असताना दीड तास तसं बसणं काय असतं ते त्यांच्या बोटांकडे बघून कळत होतं. पूर्ण रोल काढला, छत्तीस फोटो. धुऊन आले ते आधी आमच्या फोटो मंडळात नेले. मंडळ दर महिन्याला सार्वजनिक स्नानगृहाच्या माडीवर भरतं, आणि अध्यक्ष आहेत ओगिहारा गुरुजी, शाळेत सुलेखन शिकवायचे ते. जुन्या लेन्सवर त्यांची एवढी भक्ती की नव्या लेन्सचं नाव निघालं तर ते खिडकी उघडतात.

गुरुजींनी पहिला प्रिंट हातात घेतला आणि डोळे मिटले. (बघायच्या आधी की नंतर, मला नीट दिसलं नाही.) "अहाहा! माणूस कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते, सांगा बघू!"

मला सांगता येईना. ते त्यांनी विनय समजून घेतलं.

"नव्या लेन्सला सात जन्मांत जमायचं नाही," दुसरे म्हणाले. तिसऱ्यांनी नुसता हुंकार दिला, आणि तो सगळ्यांत खोल होता. मी छाती काढून घरी आलो.

आईंनी भिंग फोटोवर टेकवलं, उचललं, दुसऱ्यावर टेकवलं. मग माझ्याकडे असं बघितलं जसं मी नव्या पोराकडे बघतो, किमोनोचा रेशमी पट्टा गरम पाण्यात टाकल्यावर.

"जावईबापू, नळी ओढली होती का?"

दादा, तुम्हाला सांगायला नकोच, ही जुनी लेन्स कासवाच्या मानेसारखी कॅमेऱ्याच्या पोटात जाते. फोटो काढण्याआधी तिची नळी बाहेर ओढायची, फिरवून बसवायची, नाहीतर सगळंच अंधुक येतं. तुमच्या लेन्सला असलं काही नाही. ती कायम तयार. दोन वर्षं तिची सवय झालेली. शिवाय या कॅमेऱ्यात बघायचं ते लेन्समधून नाहीच, शेजारच्या खिडकीतून, आणि खिडकीतून सगळं कायम स्वच्छच दिसतं. छत्तीसच्या छत्तीस फोटो मान आत असताना काढले होते! गुरुजींना जे दिसलं ते लेन्सचं व्यक्तिमत्त्व नव्हतं, माझा विसरभोळेपणा होता. आई इतक्या हसल्या की खुबा धरून आडव्या झाल्या, आणि आडव्या होऊनही हसत राहिल्या. (गुरुजींना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी त्यातला एक मंडळाच्या प्रदर्शनासाठी निवडलाय. शीर्षक: 'निरोप'.)

तिसरी बैठक गेल्या रविवारी झाली. दर फोटोआधी मित्सुए स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, नळी!" आणि दर वेळी आईंच्या ओठांचा कोपरा हलायचा. त्या हलण्यातलाच एक फोटो आला आहे, दादा, आणि तो कसा आलाय हे तुम्हाला लिहून सांगायची माझी ताकद नाही, तरी लिहितो. डोळे अगदी नेमके आहेत. तिथून कानाकडे जाता जाता काच जरा सैल पडते. गालावरचा उजेड काठाशी थांबत नाही, थोडासा सांडतो, गरम इस्त्रीखालून वाफ निघावी तसा. मागचं कुंपण पाण्यात पडलेल्या सावलीसारखं डुलतंय. सुरकुत्या सगळ्या आहेत, एकही कमी नाही. फक्त त्या आधी पुढे येऊन नमस्कार करत नाहीत. आधी आई भेटतात.

आई त्या फोटोकडे पुष्कळ वेळ बघत राहिल्या. कोपरे या वेळी तपासले नाहीत. "आमच्या शेडमध्ये असल्या काचेत बुडबुडा निघाला तर फोरमन ओरडायचा," त्या म्हणाल्या. "आम्ही म्हणायचो, जाऊ दे की, तिलाही श्वास घ्यायला जागा हवी." मग फोटो मित्सुएकडे दिला. "हा चालेल. कपाटात ठेव, काळ्या किमोनोजवळ."

म्हणून हे क्षमापत्र. तुमची लेन्स बाजूला ठेवून मी जुनी निवडली, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. तुमच्या कामात उणं काढायची माझी लायकी नाही. ज्यांनी तपासलं त्यांनी पास केलंय.

वहिनींना नमस्कार. कंबर गरम ठेवा.

आपला आज्ञाधारक,
इसोमुरा ताकेजी

ता. क. एक छोटी विनंती. त्या जुन्या लेन्सच्या कडेची बुरशी वाढली तर काच खाईल असं म्हणतात. इथल्या कारागिरांवर माझा विश्वास नाही. ते सगळंच लख्ख करून ठेवतील. तुम्ही उघडून तेवढी बुरशी काढाल का? धुरकटपणाला मात्र हात लावू नये. बिनचूक लेन्सा करण्यात हयात गेलेल्या माणसाला हे सांगताना मला किती संकोच वाटतोय, ते अक्षरावरून दिसत असेल.

ता. क. दुसरं. मित्सुएने पत्र वाचलं आणि म्हणते की शिंजुकूचा भाग खोटा आहे. खोटा नाही, अपुरा आहे. आई बरोबर होत्या. दुकानदाराने आणि मी त्यांना खुर्चीसकट तीन मजले वर नेलं. लेन्सही त्यांनीच निवडली. सहा पाहिल्या, पाच परत केल्या. शीळ मात्र मीच घातली.

ता. क. तिसरं, आणि खरं सांगायचं तर पत्र यासाठीच. आईंनी अजून सही केलेली नाही. फोटो पसंत पडल्यावर मी कागद पुढे केला, तर म्हणाल्या, "तो लोकांसाठी झाला. आता माझ्यासाठी एक काढा. कुनिहिकोचा. इस्पितळात उशाशी ठेवायचाय." मी आनंदाने म्हटलं, आणतो जुनी लेन्स. तर माझ्यावर डाफरल्या. "ती नको, त्याची त्यालाच लावा. दोन वर्षांत पोरगा दिसला नाही, तो आता कसा झालाय ते मला सगळं बघायचंय. केस किती गेले, कपाळाला कुठे आठी पडते, काही सुटता कामा नये. एवढी चांगली लेन्स त्याने केलीय ती उगीच का?"

तेव्हा येत्या रविवारच्या सकाळच्या गाडीने निघावं. मित्सुए स्टेशनवर येईल. येताना न्हाव्याकडे जाऊ नये आणि दाढी करू नये, असं आईंनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.