जानेवारीच्या पत्रातील तिसरे वाक्य

देऊळगाव राजा,
शुक्रवार, दि. १२ डिसेंबर २०२५

श्री. भगवंतराव गुरुजी,
मुक्काम पिंपळगाव राजा, यांस सप्रेम नमस्कार.

येथे सर्व मंडळी खुशाल आहेत. थंडीत आपले गुडघे दुखतात असे सूनबाई सारिकाकडून समजले. तिळाचे तेल कोमट करून लावावे. आपली नात चि. इरा यंदा पाचवीत आहे. माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढे गेल्याचे ती मला दररोज ऐकवते.

आपण सेवानिवृत्त मुख्याध्यापक. मी चौथी उत्तीर्ण. तथापि अडतीस वर्षे छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळविले असल्याने माझ्या हातून सदोष मजकूर जाणार नाही, असा माझा अभिमान होता. गेल्या जानेवारीत आपणांस लिहिलेल्या पत्रात तो गेला. त्या पत्रानंतर आपण या घराचा उंबरठा चढला नाहीत. इराच्या वाढदिवसास नाही, दिवाळीसही नाही. आज लिहिण्याचे कारण तेच आहे. परंतु आधी आपल्या कन्येच्या या वर्षाचे वर्तमान देतो. ते पाहण्याचा अधिकार आपला होता. पाहिले मात्र मी.

नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सारिकाने जेवताना सांगितले की डिसेंबरात ती बेचाळीस किलोमीटर धावणार आहे. आपल्या जावयाचा, चि. देवेशचा, घास हातातच राहिला. मी म्हणालो, पंचायत समितीची नोकरी आहे, घर आहे, मूल आहे. ती म्हणाली, "ते तं हायेच मामाजी. त्याच्याआधी धावीन."

आणि खरोखरच त्याच्याआधी धावू लागली. बालाजीच्या देवळात काकड आरतीची घंटा होते, तेव्हा ती सिंदखेड राजाच्या रस्त्याला लागलेली असे. परत येऊन पाणी भरणे, इराची वेणी, जालन्याच्या बसने कामाला जाणाऱ्या देवेशचा डबा. आणि दहाच्या ठोक्याला कचेरी. एकही काम मागे पडले नाही. मी मागे पडलेले काम शोधत होतो, हेही लिहून ठेवतो.

आठच दिवसांत सायकल दुकानदार अब्दुल गनी यांनी भर चौकात मला विचारले, "काऊन हो चिंतामणराव, सुनबाईची एस.टी. रोजच चुकते काय?" दुकानातील सर्वजण हसले. गनीभाई माझे चाळीस वर्षांचे स्नेही. त्यांनी थट्टा केली. मी ती घरी घेऊन आलो आणि आपणांस पत्र लिहिले.

माझ्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. आतील मजकूर मी कसाबसा लिहिला. पाकिटावरील पत्ता मात्र पोस्टमनला वाचता यावा म्हणून सारिकाकडून लिहून घेतला. आत काय आहे, हे तिने विचारले नाही. सकाळी धावायला जाताना पेटीतही तिनेच टाकले.

फेब्रुवारीत माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. वर्तमानपत्र बंद, सारा दिवस रिकामा. तेव्हा सारिकाने नियम घातला. सायंकाळी सात ते साडेआठ घरातील सर्व मोबाइल ज्वारीच्या रिकाम्या कोठीत टाकायचे, सर्वांनी एकाच सतरंजीवर बसायचे, आणि ती वाचनालयातून आणलेले पुस्तक मोठ्याने वाचणार. कोठीत मोबाइल घणघणतो आणि कोणीही उठत नाही, हे दृश्य आपण पाहावयास हवे होते. देवेश पहिले चार दिवस कोठीकडेच बघत बसे. पाचव्या दिवशी त्याने लेकीचे डोके मांडीवर घेतले.

मी आयुष्यभर मजकूर तपासला, वाचला कधीच नाही. म्हणून ऐकतानाही मी मध्येच म्हणे, हे वाक्य सैल आहे, येथे स्वल्पविराम राहिला असावा. एके दिवशी ती म्हणाली, "मामाजी, चुका काऊन शोधून राह्यले? त्या बाईचं पुढं काय झालं असंल, ते सांगा ना मले."

त्यानंतर मी ऐकू लागलो. बर्फाचा डोंगर चढणारी स्त्री, खेड्यात दवाखाना काढणारा डॉक्टर, समुद्रात हरवलेला खलाशी, असे कितीतरी लोक या वर्षी आमच्या सतरंजीवर येऊन बसले. एकोणीस पुस्तके झाली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला समजले की मी ज्या अक्षरांवर पोट भरले, त्यांच्या आत माणसे होती.

एका पुस्तकात लहानपणी आई गेलेली मुलगी आली. सारिका त्या पानावर थांबली, पाणी प्याली, आणि पुढे वाचू लागली. मी खाली पाहिले.

स्पर्धा गेल्या रविवारी संभाजीनगर येथे झाली. आम्ही सर्व गेलो. छत्तिसाव्या किलोमीटरजवळ मी, देवेश व इरा गूळपाणी घेऊन उभे होतो. सारिका आली तेव्हा मी तिला प्रथम ओळखले नाही. कानशिलांवर घामाचे मीठ पांढरे झाले होते, एक पाय ती टाकत नव्हती, ओढत होती. मी म्हणालो, पुरे झाले, आता थांबावे. इरा ओरडली, "आई, थांबू नको! तुह्या मागं अजून लई लोक हायेत!" सारिका हसली, दोन घोट घेतले आणि गेली.

गुरुजी, मी पुष्कळ मोठी माणसे व्यासपीठावर पाहिली आहेत. त्यांच्या सत्काराची पत्रके मीच जुळविली. परंतु पाच तास बावीस मिनिटांनी ती शेवटच्या कमानीतून आली, तेव्हा माझे हात केव्हा जोडले गेले, ते मला कळले नाही. इराने मला हलवून विचारले, "आबा, आरती चालू हाये काय?"

दुपारी परतीच्या बसमध्ये मी सारिकाशेजारी बसलो. मी विचारले, एवढ्या मोठ्या दिवशी वडिलांना का बोलाविले नाहीस?

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "बाबांनी मले फोनवर वाचून दाखवलं होतं ते पत्र. जानेवारीतच."

मी विचारले, पूर्ण?

"पूर्ण. त्यायचा आवाज तिसऱ्या वाक्यावर बसला, तं पुढचं त्यायनं थांबून थांबून वाचलं."

मी विचारले, मग वर्षभर काही बोलली का नाहीस?

"बोलली असती तं तुम्ही मले पुस्तक वाचू देलं नसतं. पहिल्या दिवशी लई राग होता मामाजी. त्या दिवशी दहा किलोमीटर धावली, पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी थोडा कमी झाला. असं करत करत..." तिने पायातील बूट सैल केला. अंगठ्याचे नख काळे पडले होते. "आज बेचाळीस झाले."

राग संपला काय, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. ती माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपी गेली. जालना येईपर्यंत मी हललो नाही.

आता ते तिसरे वाक्य. आपणांस ते पाठ असेल. तरीही माझ्या हाताने पुन्हा लिहितो, म्हणजे मी ते टाळले असे होणार नाही. 'आईविना वाढलेल्या मुलीवर संस्कार करणार तरी कोण, आणि ते आता दिसू लागले आहे.' आपण पुन्हा लग्न न करता त्या लेकराची वेणी घातली, डबा केला, तिला शाळेत नेले. हे मला ठाऊक होते. ठाऊक असून मी ते लिहिले. ज्या संस्कारांची मी चौकशी केली, ते वर्षभर माझ्यासमोर बसून मला पुस्तक वाचून दाखवीत होते.

हे वाक्य मागे घेण्यास पत्र पुरेसे नाही. मुलाकडच्याने आपण होऊन मुलीच्या माहेरी चूक कबूल करण्यास जाण्याचा आपल्याकडे प्रघात नाही, हे मी जाणतो. बुधवार, दि. २४ रोजी सकाळच्या बसने निघून मी खामगावमार्गे पिंपळगाव राजास येत आहे. मी एकटा येईन. आपल्या अंगणात उभा राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, ते वाक्य खोटे होते असे म्हणेन. आपण दार उघडावे, अशी माझी अपेक्षा नाही. उघडले नाही तरी बोलून झाल्यावरच परत फिरेन.

सारिकास हे कळविलेले नाही.

वयाने आपणांपेक्षा सहा वर्षे मोठा, तरी आपल्या पायांवर मस्तक ठेवण्यास येत असलेला,

चिंतामण सोनुने